‘नर्स फक्त सांगितलेलं करते’: फिरत्या मेसेजला वॉर्डातून उत्तर

तो मेसेज महिन्याभरात मला चौथ्यांदा आला. या वेळी पाठवणारी माझी मावसबहीण. खाली तिनं लिहिलं होतं, "तुझ्या खात्यातलं आहे गं, खरंय का हे?" मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम करते. बहुतेक काळ मेडिसिनच्या वॉर्डात, मधली चार वर्षं आयसीयूत. तिला फोनवर उत्तर द्यायला बसले आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की पहिलाच मुद्दा अजून संपलेला नाही. म्हणून हे लिहून काढलं.

मेसेजचं नाव ‘ॲडमिट होण्याआधी हे वाचाच’. मुद्दे सहा, आणि ते असे: उपचार डॉक्टर करतात, नर्स फक्त सांगितलेलं करते. काय विचारायचं ते डॉक्टरलाच विचारा, नर्सला विचारून उपयोग नाही. डॉक्टरनं लिहिलेलं औषध नर्सनं थांबवलं तर तक्रार करा, तिला तो अधिकार नाही. रिपोर्ट आलेला असून नर्स सांगत नसेल तर काहीतरी लपवलं जातंय. डॉक्टर पाच मिनिटांत निघून गेला तर दुर्लक्ष होतंय असं समजा. आणि शेवटचा: चांगली नर्स म्हणजे हसतमुख नर्स, बाकी तिच्याकडून काही अपेक्षा नको.

निव्वळ खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण प्रत्येक मुद्द्याला खऱ्याचा थोडा वास आहे. त्यावर विश्वास ठेवून लोक चुकीच्या माणसाला प्रश्न विचारतात आणि आपलं काम नीट करणाऱ्या माणसाशी भांडतात.

"उपचार डॉक्टर करतात, नर्स फक्त सांगितलेलं करते."

‘सांगितलेलं’ म्हणजे नेमकं किती असतं ते आधी बघू. राउंड झाल्यावर चार्टवर चार-पाच ओळी असतात. अमुक अँटिबायोटिक आठ तासांनी, सलाईन या वेगानं, ताप चढला तर ही गोळी, बीपी-नाडी सहा तासांनी बघा. एवढ्यावर पुढचा अख्खा दिवस आणि अख्खी रात्र काढायची असते. डॉक्टरला पेशंट तुकड्यातुकड्यांनी दिसतो, आम्हाला सलग दिसतो. कामाच्या वाटणीत हा फरक मूळचा आहे, आणि बाकी बऱ्याच गोष्टी त्यातूनच येतात.

एक रात्र सांगते. न्यूमोनियाचे आजोबा, तिसरा दिवस, दुपारच्या राउंडला ‘सुधारणा आहे’ असं लिहिलेलं. रात्री दहाला सगळं ठीक होतं. पुढची बीपी-नाडी पहाटे चारला. अडीचला शेजारच्या कॉटचं सलाईन बदलायला गेले तर आजोबा चादरीची कड बोटांनी कुरतडल्यासारखी ओढत होते, आणि मला बघून त्यांनी त्यांच्या मुलीच्या नावानं हाक मारली. ताप नव्हता. ऑक्सिजनचा आकडाही बरा होता. मी त्यांचे श्वास मोजले.

श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं भासवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. तेही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यात एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. दहा वाजता वीस होते ते आता सव्वीस झाले होते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये आजार बिघडतोय हे लवकर ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. मिनिटाला पंचवीस किंवा जास्त श्वास असतील तर तीन गुण. नव्यानं सुरू झालेला गोंधळ, म्हणजे आजोबांनी मला मुलीच्या नावानं हाक मारणं, त्यालाही तीन. ऑक्सिजन लावलेला आहे, त्याचे दोन. सात किंवा वर गेलं की तातडी. आजोबा तिथंच आठवर होते.

मी फोन केला, डॉक्टर आले. छाती ऐकली, रक्त तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक बदललं, आजोबांना आयसीयूत हलवलं. आता यात ‘सांगितलेलं’ कुठलं? अडीच वाजता श्वास मोजायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण हेही तितकंच खरं की इन्फेक्शन रक्तात पसरतंय, फुप्फुसात गुठळी गेलीय की हृदयावर ताण आलाय, यातलं मला काहीही ठरवता येत नव्हतं. माझ्याकडे एक बदल होता. त्याला नाव देणं आणि त्यावर काय करायचं ते ठरवणं डॉक्टरांचं काम होतं, आणि ते त्यांनी वीस मिनिटांत केलं. मी फोन केला नसता तर त्यांचं ज्ञान चौथ्या मजल्यावर झोपून राहिलं असतं. ते आले नसते तर माझे सव्वीस श्वास चार्टवर नुसता आकडा म्हणून राहिले असते.

सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० साली तातडीनं धावून येणाऱ्या वैद्यकीय पथकाची पद्धत सुरू झाली. वॉर्डातल्या नर्सनं कुणाची परवानगी न घेता थेट या पथकाला बोलवायचं. पुढे ही पद्धत जगभर गेली. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत नाडी, बीपीच्या आकड्यांबरोबर एक ओळ असते: पेशंटबद्दल काळजी वाटत असेल तरी बोलवा. आकडा नसला तरी चालेल. सलग बघणाऱ्या माणसाला जे आधी जाणवतं ते मोजमापात उशिरा येतं, हे तिथं लेखी मान्य केलेलं आहे.

"लिहिलेलं औषध नर्सनं थांबवलं तर तक्रार करा."

तिसरा मुद्दा मुद्दाम आधी घेतेय, कारण सहांत सगळ्यात घातक हा आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वॉर्डात एकट्या असलेल्या नर्सला फोन येतो. पलीकडचा माणूस डॉक्टर असल्याचं सांगतो, पण तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. तो म्हणतो, अमुक पेशंटला ‘ॲस्ट्रोटेन’ वीस मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. कपाटात त्या नावाची डबी असते आणि तिच्यावर छापलेलं असतं की दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. म्हणजे फोनवर औषध सांगायचं नाही हा नियम मोडलेला, मात्रा दुप्पट, डॉक्टर अनोळखी. बावीसपैकी एकवीस नर्स औषध घेऊन पेशंटकडे निघाल्या. त्यांना वाटेत थांबवलं गेलं, आणि डबीत नुसती साखर होती.

‘सांगितलेलं करणारी नर्स’ हवी असेल तर ती अशी असते. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच तीच हवी आहे का?

१९७७ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी औषध ओळखीचं होतं, डॉक्टर माहितीतला होता आणि नर्सना आपल्या सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती. मात्रा मात्र जास्तच सांगितलेली. तेव्हा अठरांपैकी दोनच नर्स ती द्यायला तयार झाल्या. माणसं त्याच पेशाची. फरक एवढाच की औषधाची माहिती होती आणि शेजारी विचारायला कुणीतरी होतं.

शेजारचं माणूस काय करतं ते मी स्वतः भोगलंय. नोकरीचं दुसरं वर्ष, ठिकाण सांगत नाही. चार्टवर इन्सुलिन लिहिलेलं: सहाचा आकडा आणि त्याला चिकटून युनिटसाठी इंग्रजी ‘यू’. घाईत लिहिलेला तो यू वरून मिटला होता आणि शून्यासारखा दिसत होता. मी साठ वाचले. सिरिंज भरायला घेतली. आमच्याकडे इन्सुलिन दोघींनी बघायची पद्धत होती. मोठ्या सिस्टरनं चार्टकडे न बघता आधी सिरिंज बघितली आणि म्हणाली, "साठ? या बाईंना? सकाळी किती दिलं होतं?" सकाळी आठ दिलं होतं. साठ गेलं असतं तर त्या बाई झोपेतच बेशुद्ध झाल्या असत्या आणि सकाळपर्यंत कुणाला कळलंही नसतं. ‘यू’ न लिहिता ‘युनिट’ पूर्ण लिहा हा नियम अशाच चुकांतून आलाय. तरी अजूनही तो यू मला अधूनमधून भेटतो. भेटला की मी औषध देत नाही, फोन करते.

मेसेजच्या हिशेबानं माझी तक्रार व्हायला हवी.

औषध देणारा हात ज्याचा, जबाबदारीही त्याची. ‘मला डॉक्टरांनी सांगितलं होतं’ म्हणून ती टळत नाही, आणि टळूही नये. डिगॉक्सिन हे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे, मोठ्या माणसात साठच्या खाली असतील तर गोळी हातातच ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं, हे आम्ही शिकतानाच शिकतो. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. कुणी चुकून ‘रोज’ लिहिलं आणि तसं दिलं गेलं तर काही दिवसांत तोंड सोलतं, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतो. अशा वेळी चार्टवरच्या अक्षराशी इमानदार राहणारी नर्स पेशंटच्या काय कामाची?

आता मर्यादेची बाजू, कारण मेसेजमधला खऱ्याचा दाणा इथं आहे. मी थांबवू शकते, बदलू शकत नाही. ठोके बावन्न म्हणून डिगॉक्सिन थांबवलं, तर त्याच्या जागी दुसरं काही सुरू करायचा अधिकार मला नाही. अर्धी गोळी देऊन मधला मार्ग काढायचा तर नाहीच नाही. फोन करायचा, आकडा सांगायचा, वेळ लिहायची. पुष्कळदा पलीकडून "बरं झालं सांगितलंत, पोटॅशियम तपासायला रक्त पाठवा" असं येतं. कधीकधी डॉक्टर म्हणतात, "माहीत आहे मला, द्या," आणि का ते सांगतात, आणि त्यांचं बरोबर असतं. कारण सांगितलं की मी देते. कारण न सांगता नुसतं "सांगितलंय तेवढं करा" आलं तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना फोन जातो. त्या रात्री मी कुणाची लाडकी नसते.

जुन्या सिस्टर हे असं सरळ बोलत नसत. त्यांची एक खास भाषा होती. "डॉक्टर, नऊ नंबरची बाई झोपलीच नाहीये हो. मागच्या वेळी त्या पांढऱ्या गोळीनं बरी लागली होती झोप..." मग डॉक्टर म्हणायचे, "हं, तीच देऊ या." आणि सिस्टर म्हणायची, "बरं डॉक्टर." १९६७ मध्ये लेनर्ड स्टाइन या अमेरिकी डॉक्टरनं या प्रकारावर लेखच लिहिला आणि त्याला ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ म्हटलं: सुचवायचं नर्सनं, पण ते डॉक्टरलाच सुचलं असं दोघांनी दाखवायचं. वाचताना मला हसू आलं होतं आणि थोडी लाजही वाटली होती. आता फोनवर बोलायची ठरलेली रीत आहे. काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. रुक्ष आहे, पण पहाटे तीनला आडवळणानं बोलायला वेळ कुणाला असतो?

"विचारायचं ते डॉक्टरलाच विचारा."

काही गोष्टी, हो, डॉक्टरांनाच. आजार काय, ऑपरेशन का, दुसरा पर्याय आहे का, नाही केलं तर काय होईल. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही झाली याची साक्षीदार मी असू शकते, पण समजावून सांगण्याचं काम माझं नाही, ते ऑपरेशन करणाऱ्यानं किंवा त्याच्या वतीनं ते नीट जाणणाऱ्या डॉक्टरनं करायचं. पेन हातात घेतल्यावर पेशंट मला हळूच विचारतो, "सिस्टर, पण नक्की काढणार काय आहेत?" तेव्हा मी पेन परत घेते आणि सर्जनला बोलावते. त्या दिवशीची ऑपरेशनं उशिरा होतात, ओरडाही बसतो.

पण टाके घातल्यावर खोकायचं कसं, नळी लावलेली असताना कुशीवर वळायचं कसं, गोळी घेतल्यावर मळमळतं ते किती वेळ चालतं, पहिल्यांदा उभं राहताना चक्कर का येते, घरी गेल्यावर जखम कशी दिसली तर घाबरायचं: हे डॉक्टरांना विचाराल तर निम्मे मान हलवून म्हणतील, "सिस्टर सांगतील." त्यात कमीपणा नाही. सलाईनचा पंप कितीतरी डॉक्टरांना लावता येत नाही, आणि तो वाजायला लागला की ते आमच्याकडेच बघतात.

"रिपोर्ट आलाय आणि नर्स सांगत नाही, म्हणजे लपवलं जातंय."

या मुद्द्यावर मला चिडता येत नाही. पेशंटच्या जागेवरून बघितलं तर तसंच दिसणार.

एक बाई होत्या, पन्नाशीच्या, गाठीचा तुकडा तपासायला पाठवलेला. संध्याकाळी रिपोर्ट फाइलला लागला. मी वाचला, मला कळला. रात्री अकराला वॉर्ड शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "सिस्टर, आला ना हो रिपोर्ट?" मला खोटं बोलायचं नव्हतं. ‘नाही आला’ म्हणणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी त्यांना तारीख-वेळ दिसली असती आणि त्यानंतर माझ्या कुठल्याच शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

मग सांगून का टाकलं नाही? कारण पहिल्या वाक्यानंतर दुसरा प्रश्न येतो. कितवी स्टेज? पसरलंय का? काढता येईल का? केमो लागेल का? या एकाचंही उत्तर त्या कागदावर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. रिपोर्ट म्हणजे एका तुकड्याबद्दलचं मत. तपासणी, स्कॅन आणि तो कागद एकत्र ठेवून पुढचं ठरवायचं असतं. रात्री अकराला मी त्यांच्या हातात एक शब्द दिला असता आणि सकाळी नऊपर्यंत त्या शब्दाबरोबर त्यांना एकटं सोडलं असतं.

मी म्हटलं, "आलाय. तो डॉक्टरांनीच तुम्हाला समजावून सांगायला हवा, कारण तुम्ही पुढे जे विचाराल त्याची उत्तरं त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. मी आत्ता त्यांना कळवते की तुम्ही विचारताय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं, अर्थात. चांगला असता तर मी अशी बोलले नसते. खुर्ची ओढून बसले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग मुलाच्या परीक्षेबद्दल बोलल्या. मी डॉक्टरांना फोन केला, ते सकाळी राउंडच्या आधी, एकटे, सात वाजता आले. मी ड्युटी संपूनही थांबले होते, कारण डॉक्टर बोलून गेल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "काय म्हणाले हो ते?" पहिल्या वाक्यानंतरचं काही ऐकू आलेलं नसतं. ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, साध्या भाषेत सांगायचं काम मात्र माझं असतं.

सिस्टर टाळते तेव्हा तिला "लपवताय का?" विचारण्यापेक्षा "डॉक्टर कधी सांगणार?" असं विचारा. याचं उत्तर तिनं द्यायलाच हवं. दोन दिवस मिळालं नाही तर मग जरूर तक्रार करा, मी साक्ष देईन.

"डॉक्टर पाच मिनिटांत निघून गेला."

कॉटजवळची पाच मिनिटं तुम्हाला दिसतात. आदल्या दिवसाचे आकडे वाचणं, स्कॅन बघणं, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणं तुमच्या नजरेआड होतं. तासभर कॉटजवळ उभा राहणारा डॉक्टर बहुधा अडचणीत असतो, किंवा पेशंट तरी.

तरीही एक पाय दाराबाहेर ठेवून बोलणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. बसून बोललेला डॉक्टर प्रत्यक्षात तेवढाच वेळ थांबला तरी पेशंटला तो जास्त थांबल्यासारखा वाटतो, हे अभ्यासांत दिसलंय. वॉर्डात खुर्च्या असतात. तुम्ही तुमच्या बाजूनं तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. कागद दिसला की पाय आत येतो.

आणि आमच्या बाजूचा उलटा मेसेज

याला उत्तर म्हणून आमच्या ग्रुपवर दुसरा मेसेज फिरतोय: ‘डॉक्टर सही करून जातात, जीव नर्सच वाचवते. वीस वर्षांच्या नर्सला नव्या डॉक्टरपेक्षा जास्त कळतं.’ खाली टाळ्यांची रांग. मी टाळी दिली नाही.

वीस वर्षांत बघितलेलं पुन्हा आलं तर मी लवकर ओळखते, खरं आहे. पण मधुमेहाच्या एका बाईंना मळमळ होती आणि जबडा दुखत होता, मी ॲसिडिटीत ढकललं होतं. छातीत दुखत नाही म्हणाल्या. नव्यानंच रुजू झालेल्या डॉक्टर मुलीनं ईसीजी काढायला लावला आणि तो हार्ट अटॅक निघाला. मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येतो हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि अनेक शक्यता मनात उभ्या करून एकेक खोडत जायची सवय असणं वेगळं. ती सवय त्यांना वर्षानुवर्षं लावतात, आम्हाला नाही.

रेषा कायमची आखलेली आहे असं मात्र नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्सना तपासणी आणि निदानाचं वाढीव शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ तयार झाल्या. ब्रिटनमध्ये २००६ पासून ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या नर्स जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहू शकतात. प्राथमिक उपचारांत अशा प्रशिक्षित नर्सनी डॉक्टरांच्या जागी काम केलं तेव्हा पेशंटचं नुकसान झालेलं दिसलं नाही, काही बाबतींत फायदाच दिसला, असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात आहे. म्हणजे रेषा सरकते, पण शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांच्या जोरावर. पहाटे तीनला डॉक्टर सापडत नाहीत म्हणून, किंवा ‘तुम्हाला येतं की हो सिस्टर’ म्हणून ती सरकवली जाते, ती वेगळी गोष्ट. तिथं आमचा मान वाढत नसतो, रिकामी जागा आमच्या अंगावर ढकललेली असते. काही चुकलं की पहिला प्रश्न येतो: तुम्हाला हा अधिकार कुणी दिला?

"चांगली नर्स म्हणजे हसतमुख नर्स."

हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतं. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. परत आल्यावर तिनं सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे घेऊन आकृत्या काढल्या आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले हे दाखवून दिलं, याचं चित्र कुणी लावत नाही. दिव्यात माया दिसते. आकडेवारीत कामाची अक्कल दिसते, ती फोटोत चांगली येत नसावी.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला, लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा, ऑपरेशन झालेल्या चार लाखांहून अधिक पेशंटचा. नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती सात टक्क्यांनी कमी झालेली दिसली. हसण्याचा रकाना त्यात नव्हता.

मायेला मी नावं ठेवत नाही. पण अंथरुणात पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलून, पायाखाली उशी देऊन टाचा मोकळ्या ठेवणारी तिरसट सिस्टर आणि गोड बोलून ते विसरणारी सिस्टर यांत मी माझ्या आईसाठी पहिली निवडेन. आणि वॉर्डातली सिस्टर तुमच्याशी तुटक बोलली तर तिच्याकडे त्या रात्री किती पेशंट आहेत तेवढं विचारून बघा.

बहिणीला हे सगळं पाठवलं. तिचं उत्तर आलं, "एवढं कोण वाचणार? माझ्या सासूबाई सोमवारी ॲडमिट होतायत, मी रात्री थांबणार आहे. मी काय करायचं तेवढं सांग." तिला लिहिलं: घरी चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत ने. त्या नेहमीसारख्या वाटल्या नाहीत, उगाच बडबडल्या, चादर ओढायला लागल्या, तर ‘सिस्टर कामात आहेत’ म्हणून थांबू नकोस, हाक मार. आणि सिस्टर त्यांचं मनगट धरून छातीकडे बघत गप्प उभी असेल तर तेवढं एक मिनिट तिच्याशी बोलू नकोस. ती नाडी बघत नाहीये.